झाकणाची कड

“लोखंडाला कॉस्टिक सोडा, याला नुसता साबण. विसरू नकोस गं चिमणे!”

गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला आपल्या बहिणीच्या हाती देताना हे बजावले होते. अजूनही ते शब्द आठवले की मी ओशाळते.

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनावरचे अ‍ॅल्युमिनियमचे झाकण आहे. वितळलेला रस साच्यात ओतून मला घडवले. इंजिनातले तेल आत राखायचे, थेंबभरही सांडू द्यायचे नाही, एवढाच माझा धर्म. माझ्या मालकीण दाईबाई. कुणाच्या घरी बाळ येणार असले की त्या वेळ-अवेळ न पाहता गाडी काढतात. आमचा खडखडाट ऐकून कितीतरी बायकांच्या जिवात जीव आला असेल. पण दमट हवेने माझ्या अंगावर पांढरी पूड धरली, वर तेलाची काळी पुटे चढली. बॉनेट उघडणारा मला पाहून नाक मुरडू लागला.

म्हणून दाईबाईंनी गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात आणली. गंजलेले, मळलेले भाग लख्ख करण्याचे काम त्यांच्या धाकट्या बहिणीकडे असते. केस पिकले, तरी भावाला ती चिमणीच. तिचा हात इतका हलका, की ती घासते आहे की गोंजारते आहे, ते कळू नये. आधी रॉकेलने तेलकटपणा पुसायचा, मग साबणाचे पाणी, मग मऊ पितळी ब्रश. असे सगळे नीट व्हायचे होते. पण दाईबाई दारातच उभ्या होत्या.

“चिमणीताई, आज गाडी मिळेल ना हो? एकीचे दिवस भरलेत.”

“मिळेल, मिळेल,” म्हणत तिने वेळ वाचवायला मला लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या टबात सोडले. “घडीभरच हं,” ती माझ्याशीच पुटपुटली.

मी फसफसू लागले. अंग काळे पडले. तिने घाबरून मला बाहेर काढले, बारीक पॉलिश पेपरने आणि पेस्टने घासघासून माझा वरचा भाग उजळला. पण इंजिनावर टेकते ती माझी खालची कड सोड्याने खाल्ली होती. तिने त्या कडेवरून बोट फिरवले, क्षणभर डोळे मिटले, आणि फटी बुजवणारी सीलची पेस्ट जाड थापून कड झाकून टाकली.

“वा! यात बघून भांग पाडावा!” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मला बसवले.

लोक बॉनेट उघडून माझी वाहवा करत, आणि खाली कडेतून तेल झिरपत असे. वरून झळाळी आणि खालून गळती. अशा कौतुकाचे काय करावे, मित्रांनो? ते घेतानाही लाज वाटते.

आज सकाळी दाईबाई पायीच गॅरेजात आल्या. मागून त्यांची गाडी दोघेजण ढकलत आणत होते.

“वाटेत धूर झाला, मिस्त्री. गाडी सोडून चालत गेले. बाळाने काही माझी वाट पाहिली नाही! देवाच्या दयेने दोघं सुखरूप आहेत, पण दुसरीचेही दिवस भरत आलेत.”

“माझंच चुकलं, बाई. झाकणाचे नट नीट आवळले नसतील. हात थकला आता.”

“माझे पाय तरी कुठे तरणे आहेत!” असे म्हणून त्या हसत घरी गेल्या.

चिमणीताई हातातले फडके पिळत उभी होती.

“दादा, नट बरोबर होते. मी याला सोड्यात टाकलं होतं.”

मिस्त्रींनी मला काढून उलटे केले. जाड पेस्ट नखाने खरवडून त्यांनी कड पाहिली.

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू एवढा खूश झालास... जीभच उचलेना.”

“आता वेल्डिंगने कड भरून आणायची, तोवर गाडी उभी. बाईंना काय तोंड दाखवू?”

“तू नको. मी सांगते त्यांना. आणि गाडी होईपर्यंत बोलावणं आलं की तुझ्या स्कूटरवरून मीच नेईन त्यांना.”

“तू? वळणावर अजून दोन्ही पाय टेकतेस!”

“टेकीन. पण नेईन.”

मित्रांनो, वस्तू उजळताना तिची न दिसणारी बाजूही पाहत जा. आणि हातून काही बिघडलेच, तर त्यावर पेस्ट थापू नका.

चिमणीताईने हात धुतले. मला तिने कापडात गुंडाळले नाही. खाल्लेली कड वर ठेवून मला तसेच पिशवीत घातले. मग तिने स्कूटर स्टँडवरून उतरवली आणि दाईबाईंच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यापर्यंत हळूहळू ढकलत नेली.