वरच्या डोहातल्या शिंपल्या

"अगं, चुलीवर घालायच्या आधी डोळ्यानं तरी बघ!" सारजाबाईनं शेजारणीच्या, चंद्राबाईच्या हातातली शिंपली हिसकावूनच घेतली.

चैताच्या उन्हानं रिह्याचा ओढा आटून त्याचे चार डोह तेवढे उरले होते. रानात भाजीचं पान नाही. नाचणीची भाकर आणि शिंपल्यांचं कालवण, एवढ्यावर घरोघरची पोरंबाळं पावसाळ्याची वाट बघायची. पण यंदा शिंपली उघडावी तर आत मांस कसलं, नुसतं पाणचट! सुईनं ओवल्यागत पांढरे दोरे, आणि ते वळवळत होते.

"शिजल्यावर काय कळतंय?" चंद्राबाई म्हणाली.

"आपल्या पोटाचं सोड गं. ह्या शिंपलीचंच पोट किड्यांनी खाल्लंया. हिला पिल्लं कशी व्हायची? म्होरल्या साली काय दगडं शिजवायची?"

गेल्या साली ही कीड खालच्या डोहात होती. यंदा मधल्या डोहात आली, जिथं गाव आसरांना, पाण्यातल्या देवतांना, पुजायचं. गुरांना टोचायला डाक्टर गावात आला, तवा सारजाबाईनं पदरातल्या शिंपल्या त्याच्यापुढं ओतल्या. लोक हसले. डाक्टरनं मात्र भिंग लावून बघितलं.

"रोगच आहे, बाई. माझ्याकडं याला औषध नाही. एवढं करा, इथली जिवंत शिंपली दुसऱ्या डोहात जाऊ देऊ नका."

सारजाबाईनं दारोदार जाऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! गाव उठलं ते भिवाजी भगताकडं गेलं. भगत घुमला, आणि बोलला, "आसरा कोपल्यात! त्यांच्या डोहातली टोपली-टोपली शिंपली समद्या डोहांत सोडा. परसाद म्हनून सोडा!"

"आरं, रोगी जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधता का रं?" सारजाबाई चारचौघांत ओरडली. "डाक्टर काय सांगून गेला?"

"डाक्टरला बैलाचं कळतं, आसरांचं न्हाई," कुणीतरी म्हणालं, आणि विषय मिटला.

तिच्या डोळ्यांदेखत कड्याखालच्या तिसऱ्या डोहातही टोपली रिकामी झाली. राहिला कड्यावरचा एक. तिथं धारेतनं मासासुद्धा चढत नसे. दुसऱ्या दिवशी ती त्या पायवाटेवर जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं तवा भिवाजी आला, खांद्यावर टोपली.

"वाट सोड, सारजे."

"न्हाई सोडायची. भिवाजीभाऊ, तुमच्या पाया पडते, ह्यो एक डोह ऱ्हाऊ द्या."

"आसरांना अडवतीस व्हय?"

ती उठली. टोपली ओढली आणि तापलेल्या कातळावर सगळी पालथी केली. भिवाजी शिव्याशाप देत गेला. ती मात्र सांजपातूर हलली नाही. शेवटची शिंपली वाळून आ वासेपर्यंत राखण करत बसली.

मग वरीसभर गावानं तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. चंद्राबाई पाणवठ्यावर तोंड फिरवायची. सारजाबाई घरात भांडी आपटायची. बोलायचं तर कुणाशी, भिंतीशी?

पुढच्या चैतात खालच्या तिन्ही डोहांत नुसती टरफलं निघाली. वरच्या डोहात मात्र मुठीएवढी शिंपली, मांसानं गच्च. बाया टोपल्या घेऊन कडा चढल्या. सारजाबाई तिथंच होती.

"बघितलंस?" चंद्राबाई वरीसभरानं पहिल्यांदा बोलली. "परसाद सोडला, म्हनून आसरा पावल्या. भिवाजीचं बोल खरं झालं."

सारजाबाईच्या तोंडाशी शिव्यांची चांगली लाखोली आली होती. मागं पोरं उभी होती, उपाशी. तिनं ती गिळली.

"घ्या," ती म्हणाली. "पन खालच्या पान्यातल्या टोपल्या हितं बुडवायच्या न्हाईत. त्या तितं, उन्हात ठेवा. माजी टोपली घ्या."

बायांनी एकमेकींकडं बघितलं आणि टोपल्या कातळावर ठेवल्या.