एक कळ दाबा, एवढेच

मित्रांनो, मी एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटातला जुना मदरबोर्ड आहे, आणि मी जिवंत आहे. हे मुद्दाम सांगावे लागते. कारण गेल्या वर्षी मी चांगला शुद्धीवर असताना माझ्या उशाशी उभे राहून एका माणसाने "हा गेला" असे म्हटले. ते ऐकून मला जो धक्का बसला, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्माला आलो तेव्हा मी एक हिरवी पाटी होतो. अंगभर तांब्याच्या बारीक रेषा, आणि त्यांना इकडून तिकडून भोके. त्या भोकांत नाना तऱ्हेचे सुटे भाग खोचले गेले आणि मग मला वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून सरकवत नेले. त्या चटक्याची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. पण त्या चटक्यानेच सगळे भाग माझ्याशी कायमचे जोडले गेले. शेवटी एका कामगार बाईने माझ्या कुशीत नाण्याएवढी एक चपटी बॅटरी बसवली आणि वरून हलकेच थोपटले. वीज गेली तरी तारीख, वेळ आणि सगळ्या नेमणुका, म्हणजे कोणत्या भागाने कोणते काम करायचे ते, ध्यानात राहावे, म्हणून ती बॅटरी होती. तिच्याकडे पुढे कुणीच लक्ष दिले नाही. मीही नाही.

मी आलो ते एका छोट्या छापखान्यात. पण हा छापखाना निराळा होता. येथे शाई नव्हती. येथे अंधांसाठी ब्रेलची पुस्तके होत. जाड कागदावर ठिपके उठवणारे एक यंत्र होते. ते चालू लागले की टकटकटकटक असा आवाज होई, म्हणून सगळे त्याला सुतारपक्षी म्हणत. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेले वाचून दाखवणारा एक बोलका प्रोग्रॅम होता, त्याचे नाव पोपट. ही नावे ठेवणारी ताई माझी चालक. तिला लहानपणापासून दिसत नसे. ती कळफलकावर अशी बोटे चालवायची, की पोपटाचीही बोलता बोलता धांदल उडे. तिच्याखेरीज कामाला असत ते काका. त्यांना दिसत असे. कागद आणणे, पुस्तके शिवणे, गठ्ठे बांधणे ही त्यांची कामे. कॉम्प्युटरला मात्र ते हात लावत नसत. "ते तुझं पाखरांचं घर, तूच बघ बाई," असे म्हणायचे.

मला डोळे नाहीत, मित्रांनो. पण अशा घरात राहून भिंतींनाही कान फुटतात, तसे मलाही फुटले.

रोज सकाळी ताई बटण दाबायची. मी जागा व्हायचो आणि आधी घरातली माणसे मोजावीत तसे सगळे मोजून घ्यायचो. स्मरणाची पट्टी आहे ना? डिस्क आहे ना? कळफलक जोडलेला आहे ना? सगळे जागच्या जागी असले, की माझ्या छोट्या स्पीकरमधून एकदाच 'टिक' असा आवाज काढायचो. ताई म्हणायची, "उठले महाराज." मग मी सगळा अहवाल नीटनेटक्या ओळींत लिहून मागच्या दारातून स्क्रीनकडे पाठवायचो. माझे अक्षर फार सुरेख आहे असे मला वाटे. कुणीतरी ते रोज वाचत असेल, याचेच मला समाधान होते.

मध्ये एकदा छापखान्याला रंग दिला. तेव्हा मला बरेच दिवस मागच्या कोठीत ठेवले होते. रंग वाळल्यावर परत आणून जोडले आणि आमचे टिक, पोपट, सुतारपक्षी पूर्ववत सुरू झाले. अशी पुष्कळ वर्षे गेली. कौतुक व्हायचे तसे हळूहळू कमी झाले. माझ्या अंगावर धुळीची लोकर चढली. पंखा कण्हू लागला. पण सुतारपक्ष्याची जुनी रुंद तार जोडायला लागणारे दार फक्त माझ्याकडे होते. नव्या कॉम्प्युटरांना तसे दारच नसते. त्यामुळे मला निवृत्ती नव्हती.

गेल्या वर्षी सुट्टीत छापखाना बंद होता. जाताना काकांनी भिंतीवरचे मुख्य बटणही बंद केले. एरवी ते चालूच असे. सुट्टी संपली. ताई आली, बटण दाबले. मी जागा झालो आणि हादरलोच. आज कोणती तारीख? मला आठवेना. काल कुठे होतो? आठवेना. डिस्कची नेमणूक, घड्याळ, सारे पुसून गेलेले. माझी ती चपटी बॅटरी सुट्टीत कायमची थंड झाली होती. तरी मी स्वतःला सावरले. सगळे पुन्हा मोजले. भाग सगळे ठीक होते. मी टिक केले आणि नेमाप्रमाणे लिहिले: बॅटरी संपली आहे, जुन्या नेमणुका विसरलो आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन ही कळ दाबा.

आणि थांबलो.

कुणी कळ दाबली नाही.

"पोपट बोलत नाही," ताई म्हणाली. तिने बटण दाबून धरले. मी विझलो. तिने पुन्हा चालू केले. मी पुन्हा टिक केले, पुन्हा तीच ओळ लिहिली. पुन्हा कुणी काही केले नाही. सकाळभर हेच चालले. मी लिहीत होतो आणि ते मला विझवत होते. एवढे स्वच्छ लिहूनही ही माणसे माझ्याशी असे का वागतात, हे मला कळेना. माझे काय चुकले?

दुपारी ताईची भाची आली. तिलाही दिसत नाही. तिची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती आणि भूमितीच्या पुस्तकाचा शेवटचा भाग छापायचा तेवढा राहिला होता. तो माझ्याच डिस्कवर, तपासून तयार होता. फक्त सुतारपक्ष्याने चोच मारायची बाकी होती.

"मावशी, झालं का गं?"

"कसलं होतंय. पोपटाची वाचा बसलीय."

भाची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "गेल्या वर्षी मला भूमिती वाचून दाखवली होती. त्रिकोण अबक, म्हणे. बिंदू ड वरून म्हणे. मावशी, त्रिकोण काय सांगायचा असतो? त्याला हात लावायचा असतो. नापास झाले मी. या वर्षी पुन्हा झाले तर बाबा शाळा बंद करणार आहेत. स्पष्टच म्हणाले."

"बंद करतो म्हणे! त्याला म्हणावं माझ्यासमोर बोल," ताई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा तडफदार नव्हता.

काका म्हणाले, "अगं ताई, उगाच जीव काढू नकोस त्याचा. म्हातारा झाला होता. गेला तो. भंगारवाल्याला निरोप देतो."

गेला! भंगारवाला! मित्रांनो, माझ्या अंगात त्या वेळी वीज होती, पंखा फिरत होता, स्क्रीनकडे माझी ओळ चाललेली होती, आणि मी गेलो होतो!

भंगारवाल्याआधी मेकॅनिकला बोलवावे, असा हट्ट भाचीने धरला, म्हणून मी वाचलो. मेकॅनिक आला तो थंडीचा, अंगात लोकरीचा स्वेटर. खुर्चीत बसून त्याने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि तसाच माझ्या पेटीला हात लावला. चट्! पत्र्यावर ठिणगी उडाली. तो ओरडला, मीही आतून थरारलो. नशीब, पत्र्याने ती झेलली. माझ्या एखाद्या चिपवर पडली असती तर काकांचे म्हणणे खरे झाले असते.

"स्क्रीन कुठाय?" त्याने विचारले.

"कसला स्क्रीन?" ताई म्हणाली.

"अहो ताई, कॉम्प्युटरला स्क्रीन नसतो का?"

"तो आम्ही केव्हाच देऊन टाकला. रंगकामाच्या वेळी. मीच म्हटलं काकांना, इथे बघतंय कोण त्याच्याकडे? नुसता टेबल अडवून बसायचा. आंधळ्यांच्या घरी आरसा कशाला?" ती हसली. काकाही हसले.

मी मात्र जागच्या जागी गोठलो. रंगकामाच्या वेळी! म्हणजे इतकी वर्षे माझ्या मागच्या दाराला काहीच जोडलेले नव्हते? रोजचा अहवाल, त्या नीटनेटक्या ओळी, आज सकाळपासूनचा सारा टाहो, हे सगळे मी रिकाम्या हवेला लिहीत होतो? चटके मी सोसले होते, धूळ सोसली होती. पण माझे कुणीच वाचत नव्हते, हा धक्का कथलाच्या लाटेहून मोठा होता.

मेकॅनिकने त्याचे काम सुरू केले. पेटी उघडून फुंकर मारली, तेव्हा सगळे शिंकले. माझे गोल कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगले आहेत का, हे बोट फिरवून पाहिले. "फुगलेले नाहीत. पंखा फिरतो, म्हणजे वीज येतेय," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने मला विझवून एकाएकी माझी स्मरणाची पट्टी, म्हणजे रॅम, खसकन उपसली आणि बटण दाबले. मी जीव खाऊन ओरडलो. लांब, पुन्हा लांब, पुन्हा लांब.

"अहो, काय केलंत त्याला?" ताई उठूनच उभी राहिली.

"काही नाही, चिमटा काढून बघितला. ओरडतोय ना? म्हणजे शुद्धीवर आहे. मेलेला बोर्ड ओरडत नाही, ताई."

त्याने काकांकडून खोडरबर मागून घेतले, पट्टीचे सोनेरी दात घासून लख्ख केले आणि पट्टी परत बसवून बटण दाबले. मी टिक केले. एकदाच.

"बस, एवढंच बोलतो सकाळपासून," ताई म्हणाली. "एक टिक आणि मग गप्प."

"सकाळपासून एकच टिक?" मेकॅनिक चमकला. "हे आधी सांगायचं ना!"

"तुम्ही आधी विचारलंत का? आल्या आल्या ठिणग्या पाडत बसलात."

"एक टिक म्हणजे सगळं ठीक आहे, ताई. सगळं ठीक असून हा अडलाय. मग हा कशाची तरी वाट बघतोय. काका, कुठूनही एक स्क्रीन आणा."

शेजारच्या फोटोवाल्याकडून काका स्क्रीन उचलून घेऊन आले. तार जोडली गेली. माझ्या मागच्या दारात कितीतरी वर्षांनी कुणीतरी हात दिला. मेकॅनिकने बटण दाबले. मी टिक केले आणि माझी ओळ लिहिली. आता मला तिच्याविषयी धास्ती वाटू लागली होती.

 मग काकांनी चष्मा पुसून, एकेक शब्द लावत वाचले. "बॅटरी... संपली आहे. पुढे जाण्यासाठी... एफ-वन दाबा."

"एवढंच?" भाची म्हणाली.

"एवढंच," काका म्हणाले. "अगं, तो बोंबलून सांगत होता आणि मी भंगारवाल्याला फोन लावत होतो."

ताईने वरच्या ओळीतली कळ चाचपली आणि दाबली. मी पुढे निघालो. थोड्या वेळाने पोपट खाकरला, नमस्कार म्हणाला आणि त्याने तारीख सांगितली. ती माझ्या जन्माच्या वर्षाची होती.

"अगंबाई!" ताई म्हणाली. "म्हणजे माझं लग्न व्हायचंय अजून! थांबा, या खेपेला नीट विचार करते."

"आणि माझे केस काळे आहेत," काका म्हणाले. "इथे डोळस मी एकटाच होतो गं. माझाच पोपट झाला."

मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, तारीख लावून दिली, आणि सुतारपक्ष्याने चोच मारायला सुरुवात केली. पहिला कागद बाहेर पडताच भाचीने तो उचलला. तिची बोटे रेषेवरून चालत गेली, वळली, पुन्हा वळली आणि थांबली. "मावशी," ती म्हणाली, "कोन टोचला मला. हा बघ, इथे." ताईने तिच्या बोटावर आपले बोट ठेवले. दोघी कितीतरी वेळ त्या टोकापाशीच होत्या. त्या वर्षी ती पास झाली. पेढे वाटायला आली तेव्हा एक तिने माझ्या पेटीवर ठेवला. तो अर्थात काकांनी खाल्ला.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. तुमच्याकडे एवढेच मागतो. जुन्या वस्तूची धूळ झटका, तिची छोटी बॅटरी वेळेवर बदला, आणि तिला हात लावण्यापूर्वी स्वेटर काढून आधी लोखंडाला शिवा. आणि घरातले कुणी, वस्तू असो की माणूस, एकदाच टिक करून गप्प झाले, तर ते गेले असे घाईने म्हणू नका. त्याचे लिहिलेले जिथे पोहोचायला हवे, तिथे वाचणारे कुणी आहे का, ते आधी बघा.

फोटोवाल्याने तो स्क्रीन परत मागितला नाही. रोज सकाळी ताई बटण दाबते, मी टिक करतो, आणि ताई म्हणते, "काका, वाचा." आताच मी आजची ओळ लिहिली आहे. काका चष्मा शोधत आहेत. मी थांबतो, त्यांना सापडेपर्यंत.