न तुटलेलं सील

मला थंडोबाला रडवायचं होतं. उगाच गोड कशाला बोलू?

थंडोबा म्हणजे बंदरावरचा कस्टम तपासनीस. आईनं तिच्या रोपवाटिकेसाठी पहिल्यांदाच परदेशातून फुलांचे कंद मागवले होते, अख्खा कंटेनर भरून. तो तपासणीसाठी सतरा दिवस अडकला होता. बंद पत्र्यात कंद सडले की आईचा हंगाम बुडालाच. आमचा मामा बंदरावर एजंट. तो रोज कागद घेऊन जायचा आणि हात हलवत परत यायचा. शेवटी आई स्वतः गेली, मीही गेले. थंडोबा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, घरी कुंड्यांना पाणी घाला. हा धंदा तुमचा नाही."

मी मनात म्हटलं, थांब लेका.

अठराव्या दिवशी मामा थंडोबाचा शेरा घेऊन आला: 'मंगळवारी कंटेनर उघडला. माल ओला. फेरतपासणी आवश्यक.'

"म्हणजे आणखी दहा दिवस गेले," मामानं डोकं धरलं.

"मामा, कंटेनर उघडताना सील तोडतात ना?"

"तोडावंच लागतं. मग नवीन लावतात, नव्या नंबरचं. का गं?"

"चल, बघून येऊ."

"आगाऊ कार्टे, शाळा?"

"शाळा कुठे पळून जातेय?"

पास काढून, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून आम्ही यार्डात पोचलो. कंटेनरला जहाजावर चढण्याआधीचंच सील होतं, मामाच्या कागदांवरचा आकडा न् आकडा तोच! थंडोबानं खुर्चीतून न उठताच आमचा माल ओला केला होता. मी अक्षरशः उडी मारली आणि फोटो काढला.

"त्यालाच दाखवू," मामा कुजबुजला. "घाबरून सोडेल."

"छे! त्याच्या मोठ्या मॅडमना दाखवायचा."

"आणि माझी बाकीची कामं अडवली त्यानं, तर?"

"खुर्ची राहिली तर अडवेल ना?"

मॅडमनी शेरा वाचला, फोटो पाहिला, परत शेरा वाचला. "बोलवा त्यांना. आणि कटर आणा."

भर दुपारी, मॅडमसमोर, थंडोबानं स्वतःच्या हातानं सील तोडलं. मग एकेक पेटी उतरवून उघडायची! मी मोठ्यानं मोजत होते. "एकशे बारा... साहेब, ती कोपऱ्यातली राहिली बरं का." त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. इतकी मजा मला सहलीतही आली नव्हती.

ओलं काहीच नव्हतं. पण उकाड्यानं सव्वीस पेट्या सडल्या होत्या. मामाचा फोन मिळताच आई धावत आली होती. थंडोबा तिच्याजवळ गेला.

"ताई, झालं गेलं. लेखी तक्रार तेवढी नको. नोकरी जाईल माझी."

बाईची ताई कधी झाली कोण जाणे! आईच्या तळहातावर मऊ पडलेला कंद होता. ती म्हणाली, "तक्रार माझी लेक लिहितेय. तिला विचारा."

तो माझ्याकडे वळला. डोळे खरंच भरले होते.

मी त्याच्याकडे बघत दुसरा कागद घेतला. पहिला भरला होता.