तुळजाबाईंच्या कमरेची चावी

मित्रांनो, नांदे गावात हैबतरावांच्या गोठ्यात उभी असलेली जुनी मोटार ती मीच. जुनी म्हणून नाक मुरडू नका. १९९८ साली मी परदेशातून आले तेव्हा लोक वळून वळून बघायचे. कातडी गाद्या, लाकडी पट्ट्या, आणि दार लावलं की बाहेरचा गलका बंद! आधी मुंबईच्या एका शेठकडे होते. मग नांद्यात इमारती उठू लागल्या, हैबतरावांनी जमीन विकली, गाई विकल्या आणि मला आणलं. रिकामा गोठा मला मिळाला.

त्यांच्या पत्नी तुळजाबाई मागच्या गादीवर ऐसपैस मांडी घालून बसायच्या. गावातल्या कितीतरी लेकी माझ्यातूनच सासरी गेल्या. काय तो मान होता!

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा स्वानंद हिंजवडीला नोकरीला लागला आणि त्याने नवी पांढरी सेडान घेतली. बाई गं, काय तिचा तोरा! बटण दाबलं की टुकटुक करते. थोड्या पेट्रोलवर लांब जाते. मी आपली पीतच असते. तिचे भाग कुठेही मिळतात, माझी एक काच फुटली तर महिनोन्महिने वाट बघा. तिच्यात तुळजाबाईंना मांडी घालता येत नाही, एवढंच. खरं सांगते, मला तिचा राग नव्हता, भीती वाटायची.

आणि तसंच झालं. जुन्या गाड्या कापून भाग विकणारा माणूस रविवारी येणार, असं स्वानंद वडिलांना सांगताना मी ऐकलं. तेव्हापासून वाळूचा ट्रक वळला तरी मला वाटायचं, आला!

रविवारी तो खरंच आला. तुळजाबाईंनी माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, भाकरीचा तुकडा ठेवला. याच गोठ्यातून गाई अशाच गेल्या होत्या, हे मी ऐकून होते. माझा धीरच सुटला.

माणसाने चावी मागितली. तुळजाबाईंनी ती कमरेला खोचली.

"जनावर इकलं तरी दावं कुणी देत न्हाई. दावं गेलं की लक्ष्मी जाती. चावी म्हंजे हिचं दावंच की."

चावीशिवाय गाडी हलायची नाही, दुसरी चावी तर शेठकडेच हरवली, असं स्वानंद परोपरीने समजावत होता. हैबतराव मात्र खुंटीवरच्या दाव्यांकडे बघत राहिले. गाई गेल्या तेव्हा ती त्यांनीच ठेवून घेतली होती.

"दावी समदी हितंच हायेत," ते म्हणाले. "गाया कुटं हायेत? ऱ्हाऊ दे हिला."

माणूस रिकाम्या हाताने परत गेला.

मी वाचले खरी, पण त्या दिवसापासून चावी तुळजाबाईंच्या कमरेलाच आहे. मला कुणी सुरू करत नाही. बॅटरी उतरली, चाकं बसली, मागच्या गादीखाली कोंबडी अंडी घालते. संध्याकाळी तुळजाबाई येऊन मांडी घालून बसतात, तेवढा वेळ बरं वाटतं. पण त्यांना जरा खोकला आला की माझ्या काळजात धस्स होतं. त्यांच्यानंतर ही चावी कुणाच्या हातात जाईल?

मित्रांनो, तुमच्याही दारात असं कुणी जुनं असेल. त्याची चावी नुसती जपून ठेवू नका रे, अधूनमधून फिरवतही जा.