रोग ओढणारी चकती

चकती काळी पडायला लागली आणि सभागृहातल्या दोनशे माणसांची कुजबुज एकदम बंद झाली.

मंचावर हातभर उंचीची विजेची भट्टी होती. तिच्या खिडकीतून नाण्याएवढी पांढरी चकती दिसे, आणि मागच्या पडद्यावर कॅमेरा तीच चकती हत्तीएवढी करून दाखवी. समोरच्या खुर्चीत रोगी बसे, हातात तांब्याची तार धरून. त्या तारेतून रोग चकतीत ओढला जातो म्हणे. म्हणून बाबाचं नाव पडलं ओढेबाबा. अंगात कोट, आवाजात मध, आणि दर वाक्याला ‘ऊर्जे’ची फोडणी.

“डाव्या कडेनं काळोख आत सरकतोय, बघा. हाच रोग. आता मी त्याला आल्या पावली परत पाठवतो.”

काळोख हळूहळू मागे सरे, चकती पुन्हा पांढरी होई. मग खरा घाव. शुद्ध झालेल्या देहाला औषध म्हणजे विष, बाबा सांगे. ते आजपासून बंद.

तिसऱ्या रांगेत फिटरबाई बसली होती. फरशीच्या कारखान्यात भट्ट्या सांभाळणारी, तोंडानं फटकळ. शेजारी तिची थोरली बहीण, भिंतीला टेकून. ताईला दहाव्या वर्षापासून मधुमेह. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. परवा तिची चकती पांढरी झाली आणि भाऊजींनी घरी जाऊन इन्सुलिनच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. फिटरबाईला हे कळलं आज दुपारी. तोवर ताई घटाघटा पाणी पीत होती, दोनदा ओकली होती, आणि तिच्या श्वासाला सडक्या फळासारखा वास येत होता. फिटरबाईनं रुग्णवाहिका बोलावली. गाडी सभागृहाच्या फाटकाशी उभी होती, पण ताई चढायला तयार नव्हती.

“आजची दुसरी फेरी होऊ दे गं,” ती पुटपुटली होती. “अर्धवट सोडली तर उलटतं म्हणे.”

फिटरबाई पडद्याकडे बघत राहिली. हा काळा रंग तिच्या ओळखीचा होता. कारखान्यातल्या भट्टीत ऑक्सिजन किती आहे हे सांगणारी एक पांढरी नळी असते. तापली की ती स्वतःच थोडी वीज तयार करते. नवा माणूस हमखास एक चूक करतो. नळी बंद पडली असं समजून तो तिला बाहेरून बॅटरी लावतो, आणि नळी काळीठिक्कर पडते. फिटरबाईनंही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. मुकादम महिनाभर तिला ‘काळी जादू’ म्हणून हाक मारत होता. आणि रंग बदलताना दर वेळी बाबाचा पाय गालिच्यावर एकाच जागी दाबला जातो, हेही तिनं हेरलं.

ताईचा नंबर आला तशी फिटरबाई उठली. बहिणीला बसवत नाही, मी बसते, एकच रक्त आहे, असं तिनं सांगितलं. बाबानं रक्ताच्या ऊर्जेवर दोन वाक्यं झाडली आणि परवानगी दिली. ती बसली, ओढणी हातांवर घेतली.

काळोख सरकू लागला. बाबा हळहळला. साखर पार मुळापर्यंत मुरलीय, म्हणाला.

फिटरबाईनं दोन्ही रिकामे हात वर केले. “बाबा, तार मी खुर्चीच्या पायाला गुंडाळलीय. खुर्चीला साखर झालीय का?”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाची माणसं पुढे सरसावली, पण तोवर तिनं बाबाच्या पायाखालचा गालिचा ओढला होता. खाली दुहेरी बटण होतं, त्याची वायर भट्टीच्या पाठीमागे गेलेली. तिनं बटण उलटं दाबलं. काळोख मागे गेला. सुलटं दाबलं, पुन्हा आला.

मागच्या लोकांनी बाबाच्या माणसांना अडवून धरलं, आणि तिनं माईक घेऊन सरळ सांगितलं. चकती झिर्कोनियाची, म्हणजे एका धातूच्या ऑक्साइडची. गार असताना तिच्यातले ऑक्सिजनचे आयन, म्हणजे ऋण भार घेतलेले अणू, जागचे हलत नाहीत. तापली की ते एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारतात. वीज लावली की धन टोकाकडे पळतात आणि चकती जिथे धातूच्या पट्टीला भेटते, तिथून वायू होऊन निसटतात. दुसऱ्या टोकाला तेवढा नवा ऑक्सिजन आत शिरत नाही. जिथं तूट, तिथं काळं. वीज उलटी केली की तूट भरते. यात कोणाचा रोग कुठेच नाही.

“मग माझी साखर?” ताईनं विचारलं.

“होती तिथंच आहे, ताई. रक्तात.”

ताई उठायला गेली आणि जागच्या जागी कोसळली. तिला उचलून रुग्णवाहिकेकडे नेलं. आणि पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला विचारत होती, आता आपली फेरी कधी?

ताई चार दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली, थोडक्यात. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं.

आयन खरे आहेत, वीज खरी आहे, काळोखसुद्धा खरा आहे. खोटा आहे तो बटणावर पाय ठेवून बोलणारा माणूस. त्याच्याकडे कोट आहे म्हणून भुलू नका, यंत्र आहे म्हणून तर मुळीच नको. गालिचा उचलायला सांगा. आणि औषध बंद कर म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, माझा श्वास अडकेल तेव्हा तू कुठे असशील? ताईला पुढच्या दारानं रुग्णवाहिकेत चढवत होते, तेव्हा ओढेबाबा मागच्या दारानं निघून गेला होता.