सात नंबरची चूक

सिस्टर निवृत्त झाली तेव्हा वॉर्डातल्या पोरींनी विचारलं होतं, "आता काय करणार?"

"आवाज करणार," ती म्हणाली होती.

एकतीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली काढलेल्या बाईचं हे बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. पण तीन वर्षांत तिच्या घरात गिटारचे अकरा जुने अ‍ॅम्प्लिफायर जमा झाले. त्यापायी सोबत राहणाऱ्या नणंदेला जेवणाचं टेबल भिंतीला चिकटवावं लागलं. "घर आहे की गोदाम?" असं ती रोज एकदा तरी विचारायची आणि मग त्याच अ‍ॅम्पवर धुतलेले टॉवेल घड्या घालून ठेवायची.

हे अ‍ॅम्प साधेसुधे नव्हते. सगळे मास्तरांच्या हाताखालून गेलेले. मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या गिटारवाल्यांना ते असे काही झापायचे की नाव आपोआप पडलं. कारखान्यातून आलेला काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प ते उघडायचे, आतल्या निम्म्या तारा उपटायचे आणि आपल्या डोक्याने पुन्हा जोडायचे. काम झालं की आत पेन्सिलीने नंबर घालायचे आणि शेवटच्या स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचे. त्या ठिपक्यासाठी वादक सहा-सहा महिने थांबायचे. हॉस्टेलात गिटार शिकलेल्या सिस्टरला तेव्हा तो अ‍ॅम्प लांबून बघायलाच मिळायचा. पुढे लोक ही जड खोकी अडगळीत टाकू लागले आणि हिने ती उचलून आणायला सुरुवात केली.

सात नंबरचा तिला बंद पडलेल्या एका नृत्यवर्गात सापडला. त्याच्यावर कुंडी ठेवलेली होती, लाकडावर पाण्याची वर्तुळं उमटली होती. घरी आणून पुसून त्यात गिटार लावून वाजवली आणि सिस्टर जागची हललीच नाही. जोरात तार छेडली की सूर आधी खाली बसायचा आणि मग हळूहळू वर यायचा. जिन्यात धाप लागलेलं माणूस थांबतं आणि कठडा धरून पुन्हा चढायला लागतं, तसा. अशी माणसं तिने खूप पाहिली होती. बाकी दहा अ‍ॅम्प एकीकडे आणि हा एकीकडे.

मग वाचनालयाच्या सभागृहात मास्तरांच्या कामाचं प्रदर्शन ठरलं. संयोजकाने सिस्टरकडचे अ‍ॅम्प मागितले. आधी मास्तर स्वतः येऊन प्रत्येकावर सही करणार होते.

एका दुपारी ते आले. एकोणऐंशी वर्षांचे, जाड भिंगांचा चष्मा, हातात अवजारांची पेटी. एकेक अ‍ॅम्प उघडायचा, आत डोकावायचं, सिस्टरला वाजवायला लावायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि सही करायची. सात नंबर वाजला तसे त्यांचे डोळे उघडले.

"बंद करा. हा अजून आहे होय?" ते म्हणाले. "त्या आठवड्यात योग्य मापाचा कंडेन्सर मिळत नव्हता. हाताशी होता तो लहान लावला. नंतर बदलायचं राहून गेलं." त्यांनी पेटीतून तारा डाखायचा सोल्डरिंग आयर्न काढला. "आज बदलून टाकतो. अर्ध्या तासाचं काम."

"नको, मास्तर."

"नको म्हणजे?"

"मला असाच हवाय. आग लागेल का याने? शॉक बसेल?"

मास्तर खोटं बोलणारे नव्हते. "धोका काही नाही," ते पुटपुटले. "लाज आहे."

"मग ती मी बाळगते. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"बाई, हे काम माझं आहे!" मास्तरांनी आयर्नची पिन बोर्डात खुपसली. सिस्टरने ती काढली. त्यांनी पुन्हा लावली, तिने पुन्हा काढली. असं तीनदा झालं. डॉक्टरांसमोरही तिने कधी आवाज चढवला नव्हता, पण आता तिचे कान तापले होते.

"तुम्ही केलंत, मान्य. पण करून तुम्ही मोकळे झालात. रोज ऐकते मी. या आवाजात तुम्हाला राहिलेलं काम ऐकू येतं, मला माणूस ऐकू येतो. हात लावू देणार नाही."

मास्तर काही म्हणायच्या आतच नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने बोर्डाजवळ लोंबणारी पिन उचलली, वायर गुंडाळली आणि अख्खा आयर्न अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला.

"बाकीच्या दहांनी माझं डोकं उठतं," ती मास्तरांना म्हणाली. "हा एकटाच जरा बरा बोलतो. चहा घेणार का?"

मास्तरांनी चहा घेतला नाही. आयर्न परत मागून घेतला, पेटी खाडकन मिटली आणि दारातून सांगितलं, "त्याच्यावर माझी सही होणार नाही. कुणी विचारलं तर माझा नाही म्हणेन."

"म्हणा," सिस्टर म्हणाली. तिने दार लावलं. ज्या माणसाच्या ठिपक्यासाठी ती तरुणपणी झुरली होती, त्यालाच तिने घरातून जवळजवळ घालवून दिलं होतं. ती सात नंबरवर जाऊन बसली. वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संयोजकाचा फोन आला. "सिस्टर, सही असलेले दहाच पाठवा. वाद नको."

"अकरा येतील, नाहीतर एकही नाही."

"अहो, पण मास्तर स्वतः म्हणतात—"

"मास्तर म्हणतात तेच लिहा ना. 'मास्तरांना नामंजूर' अशी पाटी लावा. खोटं कुठे आहे त्यात?"

दहा अ‍ॅम्पवाचून अर्धं सभागृह रिकामं दिसलं असतं. संयोजकाने दोन दिवस घेतले आणि पाटी छापली.

प्रदर्शनाच्या दिवशी मास्तर पहिल्या रांगेत होते. वाजवून दाखवायची वेळ आली तेव्हा सिस्टर गिटार घेऊन सरळ सात नंबरकडे गेली. सभागृहात कुजबुज झाली. तिने तार छेडली. सूर बसला, थांबला आणि चढत गेला. मागच्या रांगेतला एक टक्कल पडलेला वादक उभा राहिला आणि उभाच राहिला.

आवाज विरल्यावर मास्तर खुर्चीतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक आहे ती."

"आहे," सिस्टर म्हणाली आणि तिने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पहिल्यापेक्षा जोरात.

"अजूनही चूकच आहे."

"मग तिसऱ्यांदा ऐका."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते हसले नाहीत, मान डोलावली नाही आणि सहीसाठी पेनही काढलं नाही. शेजारच्याने "मास्तर, चलायचं का?" म्हणून विचारलं, तेव्हा "गप बसा हो," असं त्याला झापून ते खुर्चीत जरा पुढे सरकले. सिस्टरने आवाजाचं बटण आणखी वर चढवलं.