भरलेली कोठी

दिवाळी सरली की लीलाबाईंच्या छातीत घरघर सुरू व्हायची. यंदा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, बुऱ्हाणपूरची थंडी तुम्हाला सोसायची नाही, होळीपर्यंत मुलाकडे ठाण्याला जा. बाईंनी कुरकुर केली, पण ऐकलं. थंडीपुरतं जायला काय हरकत होती?

हरकत निघाली ती मुलाच्या फोनमधून. "आई, निघायच्या आधी घर पूरा खाली करून ठेव," सागर म्हणाला. "गाद्या वाटून टाक. अन् ती दाण्याची कोठी भंगारवाल्याले दे, कोण वापरते आता?"

थंडीपुरतं जाणाऱ्या बाईनं गाद्या कशाला वाटायच्या? उत्तर शेजारच्या सुलभानं दिलं. सागरनं तिच्या नवऱ्याला किरायादार बघायला सांगितलं होतं, आणि बँकेत नवा लागलेला एक मुलगा ठरल्यातच जमा होता. म्हणजे बाईंनी आणि त्यांच्या गेलेल्या नवऱ्यानं पोटाला चिमटा घेऊन सिंधीपुऱ्यात बांधलेलं हे दोन खोल्यांचं घर परक्याचं होणार, आणि होळी झाली तरी बाईंना परतायला जागा उरणार नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भांडायला बसलं की खोकला मधे तोंड घालतो. म्हणून बाई भांडल्याच नाहीत. त्या थेट दाणाबाजारात गेल्या आणि वर्षाची ज्वारी आणि तिच्यात दळून कळण्याची भाकरी करण्यापुरते उडीद घेऊन आल्या.

"मावशी, लोकं जातांनी घर खाली करतात," सुलभा म्हणाली, "तुम्ही भरून काहून राहिल्या?"

"मले परत येऊन खायचं हाये म्हणून."

गच्चीवर दाणे खडखडीत वाळवले, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याची कोठी गळ्यापर्यंत भरली आणि झाकणाच्या कडेनं शेणमातीचा लेप दिला. या घरची रीत अशी, की ज्या बाईनं कोठी लिंपली तिनंच ती फोडायची. दुसऱ्यानं फोडली तर घराची बरकत जाते. सासूला लकवा झाला त्या वर्षीसुद्धा तिचाच लुळा हात धरून लेप फोडवला होता. आणि तो हात धरणारा सागर होता. शहाणा झाला म्हणून काय तेवढं विसरला असेल?

रविवारी सागर बाईंना न्यायला आला तो बँकेतल्या नीलेशला घेऊनच. नीलेशनं खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला आणि कोठीपाशी थांबला. "बाकी सब ठीक आहे. फक्त हे हटवून द्या, इथं आमचा पलंग येईल."

सागरनं कोठी हलवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. "आई, हे काय करून ठेवलं?"

"दिसत नाही का? भरली."

"मग काढ दाणे. पोत्यात भरू."

"मी होळीला काढीन. तुले घाई असंल तं तू काढ. लाव हात."

सागर तावातावानं पुढे झाला. त्यानं लेपावर अंगठा टेकवला. मग तो अंगठा तिथंच राहिला. यानं खरंच फोडली असती तर आपण काय केलं असतं, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. सागरनं हात मागे घेतला आणि पँटीला पुसला. नीलेशनं दोघांकडे पाहिलं, फोन आल्यासारखं करून अंगणात गेला, आणि तिथूनच पसार झाला.

सागर खाली बसला. "दरसाल आणणं, पोचवणं मले नाही झेपत, आई. अन् इथं एकटी असतांनी तुले काही झालं तं? मग ही कोठी कोण फोडंल?"

बाईंना त्याची दया आली. पण दया आली म्हणून घर सोडतात का?

"तूच फोडशील, बाबा. तुझाच हक्क हाये," त्या म्हणाल्या. "पण मी मेल्यावर. ठाण्याला गेल्यावर नाही."

सागरनं डोळे पुसले आणि बाईंची पिशवी उचलली. बाईंनी दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"चल आता लवकर," त्या म्हणाल्या. "गाडी चुकली तं मी येत नाही, सांगून ठेवते."